कानातली बोली

माझ्या दिराच्या, इजिनोच्या, उजव्या कानात जेवढी गुपितं आहेत तेवढी आमच्या पाद्रीबाबांच्याही कानात नसतील. पाद्रीबाबांकडे लोक वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी, नाइलाजाने जातात. इजिनोच्या कानाशी रोज दुपारी रांग लागते.

तो मासळीबाजारात लिलाव करतो. लिलाव म्हटला की बाहेरच्या माणसाला वाटतं, बोंबाबोंब असणार. आमच्याकडे बोली कानात सांगतात. बोटींवरून पेट्या आल्या की इजिनो मधोमध उभा राहतो. एकेक व्यापारी पुढे येतो, तोंडावर हात आडवा धरतो, त्याच्या कानात भाव सांगतो आणि मागे सरतो. सगळ्यांचं झालं की ज्याचा भाव चढा त्याचं नाव इजिनो मोठ्याने घेतो. नुसतं नाव. भाव चिठ्ठीवर लिहून कारकुनाच्या हातात देतो, आणि कोण किती बोललं ते बाकी कुणाला कळत नाही. पणज्यापासून असंच चालत आलंय. आरडाओरडा आम्ही घरी करतो.

या कामाला डोकं लागतं ते लागतंच, पण त्याहून जास्त लागतो तो चेहरा. कानात कुणी वेड्यासारखा भाव सांगितला आणि लिलाववाल्याची भुवई हलली, तर संपलं. पुढचा शहाणा लगेच ओळखणार. इजिनोची भुवई हलत नाही. बाजारात हलत नाही आणि घरीही हलत नाही. माझा नवरा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. तो गेला तेव्हा इजिनो चर्चमध्ये पहिल्या बाकावर असा बसला होता की पाद्रीबाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वांदा, याला कळवलंय ना?"

आमच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, म्हणून टोपणनावाशिवाय कुणाचं चालत नाही. इजिनोचं टोपणनाव खांब. खाडीत होड्या बांधायला लाकडी खांब रोवलेले असतात ना, तसा. ज्याला हवी त्याने दोरी बांधावी, समुद्रपक्ष्याने डोक्यावर बसावं, खांब काही बोलत नाही.

आता अशा माणसाने प्रेमात पडू नये. पण पडला. आणि पडला तो गाण्यासकट पडला.

आम्ही सगळी तरुण होतो तेव्हाची गोष्ट. समोरच्या किनाऱ्यावर, पर्यटकांच्या छत्र्यांच्या रांगा संपतात तिथे, एका उपाहारगृहात नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र होतं. त्या उन्हाळ्यात एक गाणं सारखं वाजायचं. गायक तोरिनोचा कुणीतरी. पुढे त्याचं दुसरं एकही गाणं चाललं नाही, आणि मग म्हणे त्याने टायरचं दुकान टाकलं. पण हे एक गाणं मात्र असं होतं की ऐकताना धडधाकट कोळी डोळ्यांत वाळू गेल्याचं सोंग करायचे. गाण्यात एक बाई निघालेली असते, हातात सामान घेऊन, दारात उभी. तिला वाटतं हा काहीतरी म्हणेल. त्याच्या मनात भडभडून आलेलं असतं. तो तोंड उघडतो आणि म्हणतो, 'वारा फिरलाय.' झालं. बाई जाते. मग तीन कडवी हा एकटा बसून रडतो.

मला विचाराल तर असल्या माणसाला दोन थोबाडीत द्याव्यात. पण चाल मोठी गोड होती, हे कबूल करायला पाहिजे.

इजिनो सगळी कमाई त्या यंत्रात घालायचा. नाणं टाकायचा, गाणं सुरू झालं की यंत्राला टेकून उभा राहायचा आणि ओंदिनाकडे बघायचा. ओंदिना तेव्हा अशी दिसायची की तिने विचारलं असतं तर पुतळेसुद्धा चौथऱ्यावरून उतरले असते. ती मैत्रिणींत बसून कलिंगड खायची आणि बिया नेमक्या यंत्राच्या दिशेने थुंकायची. आता याहून स्पष्ट एखाद्या मुलीने काय करावं? पण इजिनोला वाटायचं, तिला गाणं आवडत नाही. म्हणून तो तेच परत लावायचा.

आणि एके दिवशी गास्तोने आला. गास्तोने म्हणजे मुलखाचा बडबड्या, मासे विकताना मेलेल्या बांगड्याशी गप्पा मारणारा. इजिनोचं गाणं चालू होतं, इजिनोच्या पैशाचं, आणि गास्तोने सरळ ओंदिनासमोर जाऊन म्हणाला, "नाचतेस का?" ती एकदा यंत्राकडे बघून उठली. पुढच्या वसंतात लग्न झालं. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, हे मी तेव्हाच इजिनोला सुनावलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, उद्या दमट हवा असणार."

गास्तोने माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. संसार चांगला केला, मुलगी झाली, कालव्याकाठी मासळीचा गाळा चालवला. रोज लिलावाला यायचा आणि इजिनोच्या कानात भाव सांगायचा, तोही लसूण खाऊन. भावाबरोबर दोन-चार गोष्टीही सांगायचा, कारण त्याच्याने राहवायचं नाही: ओंदिनाला सर्दी झालीय, ओंदिनाने काल तारल्या काय केल्या होत्या, कांदा आणि व्हिनेगरात. इजिनो चेहरा न हलवता ऐकून घ्यायचा. मी बाजारात कॉफीची थाळी घेऊन जायचे तेव्हा बघायचे. माझं उपाहारगृह बाजाराच्या फाटकालाच लागून आहे. मी मनात म्हणायचे, देवा, या माणसाला नरकात पाठवू नकोस, त्याचं इथेच सगळं उरकतंय.

मग गास्तोने छातीत कळ येऊन गेला. बोलता बोलताच गेला, अर्थात. गाळा ओंदिनाने हातात घेतला, आणि एका दुपारी पांढरे रबरी बूट घालून ती लिलावाला आली. पहिल्यांदा तिने इजिनोच्या खांद्यावर हात टेकून, टाचा उंचावून, त्याच्या कानात भाव सांगितला तेव्हा मी थाळी घेऊन तिथेच होते. इजिनोचा चेहरा जसाच्या तसा. पण दुसऱ्या दिवसापासून तो उजव्या कानावरचे केस कापून घ्यायला दर आठवड्याला न्हाव्याकडे जाऊ लागला. न्हावी मला म्हणाला, "वांदाबाई, तिथे आता केसच नाहीत, मी काय कापू?"

हे असं वर्षानुवर्षं चाललं. रोज दुपारी ती त्याच्या कानाशी येई, काहीतरी कुजबुजे, आणि तो मोठ्याने म्हणे, "ओंदिना." गंमत म्हणजे बहुतेक पेट्या तिलाच जायच्या. एवढा माल उचलूनही तिच्या गाळ्यात कधी बरकत दिसली नाही. गिऱ्हाईक भरपूर, मासे ताजे, आणि गल्ल्यात संध्याकाळी चिल्लर. आम्ही बायका म्हणायचो, ओंदिनाला धंदा कळत नाही, गास्तोनेबरोबर गेला तिचा हिशेब.

आणि दर जुलैला मासळीची जत्रा. मुख्य रस्त्यावर टेबलं मांडतात, प्रत्येक वाडीची एक चूल, तळलेल्या मासळीच्या वासाने मांजरं चक्कर येऊन पडतात. दुसऱ्या रात्री गावातली हौशी मंडळी गातात, आणि शेवटी इजिनो मंचावर जाऊन ते एकच गाणं म्हणतो. दरवर्षी. हात पँटच्या शिवणीला, चेहरा लाकडाचा. आवाज मात्र असा लागतो की टेबलावरची पोलेंटा, आमची मक्याची उकड, गार होते आणि कुणी हात लावत नाही. 'ती दारात होती, आणि मी म्हणालो, वारा फिरलाय.' बायका रडतात. पुरुष वाळूला नावं ठेवतात. एकटी ओंदिना रडत नाही. ती आमच्या वाडीच्या चुलीवर असते. गाणं सुरू झालं की ती मंचाकडे पाठ करते आणि झारा कढईवर आपटू लागते.

"बघितलंत ना, तिला आवडत नाही," इजिनो म्हणायचा.

"मग दुसरं म्हण."

"दुसरं येत नाही."

गेल्या वर्षी जूनमध्ये ओंदिना माझ्याकडे कॉफी प्यायला आली आणि म्हणाली, "वांदा, गाळा विकतेय. मुलगी म्हणते, आई, वर ये, पोराला सांभाळ. इथे राहून काय मिळवतेस, मासे महाग घेतेस आणि स्वस्त विकतेस. बरोबर आहे तिचं."

तिची मुलगी ट्रेंटोला दिलीय, डोंगरात. तिथे लोक डब्यातला ट्यूना उघडतात आणि म्हणतात, आज मासे आहेत. समुद्र बघायचा तर कॅलेंडर उलटावं लागतं.

"कधी?"

"सप्टेंबरात. पहिला शनिवार माझा शेवटचा लिलाव." ती पेल्यात बघत होती. मग हळूच म्हणाली, "मला कुणी अडवणारं थोडंच आहे इथे."

मी थेट बाजारात गेले. इजिनो नळाखाली बूट धूत होता. बातमी सांगितली. त्याने बूट धुतले. परत धुतले. तिसऱ्यांदा धुवायला लागला तेव्हा मी नळ बंद केला.

"घुम्या," मी म्हटलं, "एकदा बैल गेला नि झोपा केलास. आता परत चाललाय बैल. तोंड उघडणार आहेस का?"

"बैल?"

"ओंदिना रे मेल्या."

त्याने हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, ती डोंगरात गेली तर मी दुपारी काय करायचं?" आणि त्याचा आवाज असा झाला की मला पुढे रागवताच येईना. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात मोठं प्रेमाचं वाक्य होतं, आणि ते ऐकायला समोर होते मी आणि बूट.

मी ठरवलं, याला जत्रेत बोलतं करायचं. आमच्याकडे मंचावरून गाणं कुणाला तरी अर्पण करायची पद्धत आहे: हे गाणं माझ्या आईला, हे माझ्या होणाऱ्या बायकोला, हे त्याला ज्याने माझी सायकल नेली. मी त्याला नुसतं एवढंच सांगितलं की गाण्याआधी म्हण, 'हे ओंदिनाला.' दोन शब्द. पावाच्या दुकानात आपण याहून जास्त बोलतो.

जत्रेच्या रात्री तो मंचावर गेला. ध्वनिक्षेपक धरला. सगळी वाडी श्वास रोखून, कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ओंदिनाने पहिल्यांदाच झारा खाली ठेवला होता. इजिनोने घसा साफ केला आणि म्हणाला, "हे गाणं... मच्छीमार सहकारी संस्थेला."

ओंदिनाने झारा असा आपटला की कढईला पोचा पडला. तो अजून आहे.

मग मी त्याला माझ्या स्वयंपाकघरात शिकवायला बसवलं. म्हटलं, मोठ्याने नाही जमत तर हळू बोल. आयुष्यभर कानाशी कुजबुज ऐकतोयस, तीच उलटी कर. मला ओंदिना समज. माझ्या कानात सांग, काय वाटतं ते. तो टेबलावरून वाकला. घामाघूम झाला. मी वाट बघतेय. शेवटी कानात आवाज आला, "वहिनी, तुमचं कानातलं सैल झालंय."

पालथ्या घड्यावर पाणी. मी कानातलं घट्ट केलं आणि त्याला जेवायला वाढलं.

तर पहिला शनिवार उजाडला. मी मुद्दाम लवकर कॉफी घेऊन गेले. ओंदिना केस करून आली होती, रबरी बुटांवर नवा निळा झगा. गावातले व्यापारी तिच्याशी हात मिळवत होते. पाडुआचा बेत्तिनही होता. मोठा ठोक व्यापारी, तीन ट्रक, दर शनिवारी येतो आणि आमच्या बाजाराला भाजीमंडई समजतो. त्याला हस्तांदोलनाची घाई नव्हती, त्याला माकुलांची घाई होती.

सगळ्यात शेवटी माकुलांची एक मोठी पेटी उरली. एकेकजण इजिनोच्या कानाशी जाऊन आला. बेत्तिन जाऊन आला, छाती पुढे काढून. शेवटी ओंदिना. तिने खांद्यावर हात टेकला, टाचा उंचावल्या, भाव सांगितला. रोज ती लगेच मागे सरते. त्या दिवशी सरली नाही. तशीच उभी राहिली, हात खांद्यावर, तोंड कानाजवळ, आणि काही बोलेना. जणू विसरली की आता पुढे काय करायचं असतं.

आणि इजिनोने मान वळवली. वाकला. आपलं तोंड तिच्या कानाशी नेलं आणि काहीतरी म्हणाला.

अख्ख्या बाजारात बर्फ वितळायचा आवाज ऐकू आला. कारण आमच्याकडे लिलाव चालू असताना वाटेल ते चालतं, शिंकलेलं चालतं, शिवी दिलेली चालते, पण लिलाववाल्याचं तोंड व्यापाऱ्याच्या कानाशी जात नाही. बोलणं व्यापाऱ्याकडून लिलाववाल्याकडे येतं, उलटं कधीच जात नाही. बापाने पोराला असं केलं असतं तरी बाजार उठला असता. आणि त्या खुळ्याला ते कळलंच नाही. सरळ होऊन त्याने नेहमीसारखं मोठ्याने म्हटलं, "ओंदिना." पेटी तिची.

"थांबा," बेत्तिन म्हणाला.

मग जो गलका झाला तो आमच्या बाजाराने कधी पाहिला नव्हता. बेत्तिनचं म्हणणं सरळ होतं: याने माझा भाव तिच्या कानात फोडला आणि तिचा आकडा माझ्यावर चढवून लिहिला. बाकीचे गावचेच, पण तेही खाली बघू लागले. कारण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाजाराचे व्यवस्थापक जेवणावरून उठून आले, मानेला रुमाल तसाच.

"इजिनो," ते म्हणाले, "काय सांगितलंस तिला?"

इजिनो गप्प.

"अरे, नुसतं सांग आणि मिटव. भाव सांगितलास का?"

"नाही साहेब."

"मग काय?"

इजिनोची मान खाली. मग त्याने डोक्यावरची बाजाराची टोपी काढली, माकुलांवर ठेवली आणि म्हणाला, "काम सोडतो."

बापापासून चालत आलेलं काम, त्यावर एक डाग नाही, आणि हा ते मुक्याने टाकून चालला होता. का, तर एक वाक्य चारचौघांत म्हणवत नाही. मला त्याची कीव आली आणि त्याच्या टाळक्यात थाळी घालावीशीही वाटली.

"बघा," बेत्तिन म्हणाला, "खाई त्याला खवखवे. आणि ही बाई बघा. नवरा गेल्यापासून निम्म्या पेट्या हिलाच कशा जातात, ते आज कळलं. रोजचंच असणार हे."

ओंदिनाचा चेहरा पांढरा पडला. तिने इजिनोकडे बघितलं. कलिंगड खाताना बघायची तसंच, मला शपथ घालून विचारा.

इजिनोने मान वर केली. "तिला काही बोलायचं काम नाही," तो बेत्तिनला म्हणाला. मग हात पँटच्या शिवणीला लावले, जत्रेत मंचावर लावतो तसे, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी तिला म्हणालो, वारा फिरलाय."

सगळ्यांच्या माना वर गेल्या.

फाटकावरचा झेंडा सगळ्यांना दिसत होता. वारा सकाळपासून होता तिथेच होता.

"वारा?" बेत्तिन म्हणाला. "लिलावात वाऱ्याचा काय संबंध? ही खूण आहे यांची. साहेब, खूण आहे ही."

पण साहेब गावचे. साहेबांनी मानेचा रुमाल काढून डोळ्याला लावला आणि एका उपड्या पेटीवर बसले. बर्फवाल्या तुल्लिओने टोपी काढली. एकट्या पाडुआच्या माणसाला कळेना की एवढे राकट बाप्ये अचानक चर्चमध्ये असल्यासारखे का उभे आहेत.

"शेठ," मी त्याला म्हटलं, "त्याचा अर्थ असा की जाऊ नकोस. तुम्ही नव्हतात इथे, आम्ही दरवर्षी ऐकतोय."

"मला अर्थ नको, मला भाव हवा," बेत्तिन म्हणाला. आणि हे बाकी त्याचं रास्त होतं. साहेबांनी कारकुनाला खूण केली, आणि आमच्या बाजारात पहिल्यांदाच एक चिठ्ठी दुसऱ्या माणसाला दाखवली गेली. बेत्तिनने वाचली. परत वाचली. मग त्याचा आवाजच उतरला.

"एवढे?" तो ओंदिनाला म्हणाला. "या माकुलांना? बाई, मी याच्या निम्म्यालाही पोचलो नव्हतो. माझा भाव तुला कळला असता तर तू एवढं कशाला बोलली असतीस?"

"मला तुमचा भाव नको होता," ओंदिना म्हणाली.

"मग काय हवं होतं?"

ती झग्याचा काठ चुरगळत होती. साठीची बाई, आणि शाळेत उभं केल्यासारखी. "तो फक्त घेणाऱ्याचं नाव घेतो," ती म्हणाली. "शेवटचा दिवस होता. आज दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर मला चाललं नसतं."

मी थाळी खाली ठेवली. ठेवावीच लागली. डोळ्यासमोर तिचा तो गाळा आला, ते भरपूर गिऱ्हाईक आणि तो रिकामा गल्ला. म्हणे हिला धंदा कळत नाही. रोज दुपारी ही बाई चढ्या भावाने आपलं स्वतःचं नाव विकत घेत होती. आणि तो दीडशहाणा, ज्याच्या एकट्याच्या कानात ते सगळे आकडे पडत होते, इतकी वर्षं काय समजत होता माहीत आहे? त्यानेच मला नंतर सांगितलं. म्हणाला, "मला वाटायचं, बिचारीला हिशेब येत नाही."

ओंदिना आता बेत्तिनकडे बघत नव्हती. इजिनोसमोर जाऊन उभी राहिली.

"त्या गाण्याचा मला पहिल्यापासून राग येतो," ती म्हणाली. "तू गातोस त्याचा नाही. त्या बाईचा. दारात उभी राहते, तो म्हणतो वारा फिरलाय, आणि ही भवानी चालायला लागते. कुठली होती कोण जाणे. डोंगरातली असेल." तिने माकुलांवरची त्याची टोपी उचलली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. "मी कोळ्याची पोर आहे, इजिनो. वारा फिरला की होडी सोडत नाहीत, एवढं मला कळतं. पोरीला फोन करते. थांबते मी."

तेव्हा त्याचा चेहरा हलला. आधी डावी बाजू, मग उजवी, वर्षानुवर्षं न उघडलेली खिडकी करकरत उघडावी तसा. हसू होतं की रडू, कुणालाच ठरवता आलं नाही. पण माझा नवरा गेला तेव्हाचं, आणि त्याआधीचं, सगळं त्यात असावं, कारण ते बराच वेळ चाललं. साहेब म्हणाले, लिलाव संपला. बेत्तिन म्हणाला, माकुलांचं काय. ओंदिना म्हणाली, ती माझी आहेत, पैसे मोजलेत, आणि संध्याकाळी सगळ्या बाजाराने माझ्याकडे जेवायचं. शाईत शिजवलेली माकुलं, पोलेंटाबरोबर. बेत्तिनही आला. दोनदा वाढून घेतलं.

आता नुकसान सांगते. गाणं बिघडलं. या जुलैत इजिनो मंचावर गेला आणि म्हणाला, "हे ओंदिनाला." टाळ्या झाल्या. गायला लागला, आणि लोकांनी रुमाल काढले, पण चेहरा जागेवर राहीना. एक ओळ म्हणतो आणि हसतो. बाई सामान घेऊन दारात उभी, आणि हा दात काढतोय. पुढच्या टेबलावरची म्हातारी कोर्सिना मला म्हणाली, "वांदा, काय हे. मी वर्षभर या दिवसासाठी रडायचं राखून ठेवते."

शेवटच्या ओळीला तो थांबला. आमच्या चुलीकडे बघून, डोळे मिटून, जुन्या आवाजात म्हणाला, 'आणि मी म्हणालो, वारा फिरलाय.' आणि चुलीवरून ओंदिना, झारा हातात घेऊन, पाठ न करता ओरडली, "कळलं. खाली ये आता, मासे करपतायत."

तो गाणं तिथेच सोडून उतरला.